आतड्याच्या भिंतीचा प्रतिध्वनी

1944च्या जून महिन्यात लंडनवर जर्मनांचे व्ही-1 बॉम्ब पडू लागले. या बॉम्बच्या स्फोटाची लाट अशी जबर असे की अंगावर मोठीशी जखम नसलेली माणसेही रुग्णालयात आणावी लागत. त्यांची पोटे फुगून टम्म झालेली असत. आतडी जागच्या जागी थिजलेली, ना वायू पुढे सरकत ना अन्न. वैद्यकात याला आतड्याचा लकवा म्हणतात. अशा रुग्णांवर उपचार करणाऱ्यांत जॉन ज्युलियन वाइल्ड नावाचे तिशीतले एक शल्यविशारद होते. त्यांच्यापुढचा पेच सांगायला सोपा आणि सोडवायला अवघड होता. पोट फुगले आहे ते आतडे नुसते थिजल्यामुळे, की कुठेतरी अडथळा आल्यामुळे? थिजले असेल तर वाट पाहायची. अडथळा असेल तर वाट पाहणे म्हणजे माणूस गमावणे. एक्स-रेमध्ये वायूने फुगलेली वेटोळी दिसत, पण त्या वेटोळ्यांच्या भिंतीची काय अवस्था आहे हे कळायला पोट उघडण्याखेरीज मार्ग नव्हता.

युद्ध संपल्यावर वाइल्ड अमेरिकेत गेले आणि मिनियापोलिसमध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ओवेन वांगेन्स्टीन यांच्या शल्यविभागात दाखल झाले. योगायोग पाहा: नाकातून नळी घालून आतड्यात तुंबलेला वायू आणि द्रव ओढून काढण्याची, असंख्य रुग्णांना वाचवणारी पद्धत याच वांगेन्स्टीन यांची. आंत्रावरोधाचा, म्हणजे आतड्यातल्या अडथळ्याचा विचार करायला त्या काळी याहून चांगली जागा क्वचितच असेल. वाइल्ड यांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. आतड्याच्या भिंतीची जाडी बाहेरून मोजता येईल का?

त्यांनी हात घातला तो ध्वनीला. कल्पना अगदीच आभाळातून पडलेली नव्हती. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी 1880मध्ये दाखवले होते. हीच क्रिया उलटी चालवली, म्हणजे स्फटिकाला वीज दिली, की तो कंप पावतो आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, म्हणजे श्राव्यातीत ध्वनी निघतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झचे स्फटिक वापरून पाण्याखालच्या पाणबुडीचा प्रतिध्वनी पकडण्याचे तंत्र उभे केले. पुढे मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी तोच ध्वनी धातूत सोडून आतल्या अदृश्य भेगा शोधणारे यंत्र बनवले. पाणी झाले, पोलाद झाले. मांस राहिले होते.

मिनियापोलिसजवळच्या नौदलाच्या विमानतळावर वैमानिकांना रडार वाचायला शिकवणारे एक यंत्र होते. पाण्याच्या टाकीत शत्रुप्रदेशाची छोटी प्रतिकृती ठेवायची, तिच्यावर श्राव्यातीत ध्वनी सोडायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीतून पडद्यावर रडारसारखे चित्र उमटवायचे, अशी त्याची रचना. युद्ध संपल्यामुळे यंत्राला फारसे काम नव्हते. डोनाल्ड नील या तिथल्या अभियंत्याच्या मदतीने वाइल्ड यांनी 1949मध्ये या टाकीशी आतड्याचे तुकडे नेले. यंत्राची कंपनसंख्या 15 मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दीड कोटी कंपने. मऊ ऊतीत अशा ध्वनीची तरंगलांबी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी असते. आतड्याच्या पातळ भिंतीसाठी असेच सूक्ष्म माप हवे होते, आणि ते वैमानिकांच्या शाळेत आयते मिळाले.

वाइल्ड यांना एक जाडी मोजायची होती. पडद्यावर भिंतीतून एकाऐवजी तीन वेगळे प्रतिध्वनी आले. म्हणजे भिंतीतले थर ध्वनीला वेगवेगळे ओळखू येत होते. मग त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले, कर्करोग झालेले जठर तपासले. गाठीच्या जागचे प्रतिध्वनी निरोगी भागाहून निराळे होते. 1950मध्ये ‘सर्जरी’ या नियतकालिकात त्यांनी हे प्रसिद्ध केले. आंत्रावरोधाचा प्रश्न तिथेच राहिला आणि कर्करोग ध्वनीने ओळखता येईल का, हा त्याहून मोठा प्रश्न समोर आला.

त्याच सुमारास मेरीलँडमधल्या बेथेस्डा येथे, नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत जॉर्ज लुडविग हे डॉक्टर पित्तखड्यांच्या मागे लागले होते. धातूतल्या भेगा शोधायच्या पद्धतीने शरीरातला खडा शोधता आला पाहिजे, हा त्यांचा तर्क. कुत्र्यांच्या स्नायूंत आणि पित्ताशयात माणसाचे पित्तखडे बसवून त्यांनी त्यांचे प्रतिध्वनी नोंदवले आणि 1949मध्ये अहवाल दिला. मात्र त्या अहवालातली सर्वांत टिकाऊ गोष्ट खड्याची नाही. ध्वनी मऊ ऊतींतून किती वेगाने जातो याची मोजमापे लुडविग यांनी घेतली आणि सरासरी काढली: सेकंदाला 1540 मीटर. आज तालुक्याच्या गावातले सोनोग्राफीचे यंत्रही प्रतिध्वनी किती खोलवरून आला हे ठरवताना हाच आकडा धरते.

आतड्याची भिंत आणि पित्ताशयातला खडा. वैद्यकातल्या प्रतिध्वनी-तपासणीचे हे पहिले दोन धडे पोटाच्या विकारांचे आहेत. सोनोग्राफी म्हटले की आपल्याकडे पोटातले बाळ आठवते; इतिहासात बाळ नंतर आले. आधी मेंदूवर प्रयत्न झाला होता हे खरे. ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिक यांनी 1942मध्ये कवटीतून ध्वनी आरपार पाठवून मेंदूच्या पोकळ्या दिसल्याचे जाहीर केले. पण ती चित्रे बहुतांशी कवटीच्या हाडाचीच करामत होती, असे पुढे सिद्ध झाले.

वाइल्ड यांना 1950मध्ये जॉन रीड हा तरुण अभियंता मिळाला. दोघांनी हातात धरून फिरवता येणारे यंत्र बनवले आणि 1952मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रतिध्वनीतून तयार केलेली द्विमितीय चित्रे छापली. स्तनातल्या गाठींवरचे त्यांचे काम जास्त गाजले. मला त्यांची दुसरी युक्ती अधिक महत्त्वाची वाटते. पोटाच्या कातडीवरून आतड्यापर्यंत पोचायचे तर मध्ये चरबी, स्नायू आणि वायू येतात. मग गुदमार्गाने प्रोब, म्हणजे ध्वनी सोडणारे आणि टिपणारे टोक, आत घालून थेट भिंतीजवळूनच ऐकले तर? पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांनी तसा प्रोब करून वापरलाही. अवयवाच्या जवळ जा, म्हणजे उच्च कंपनसंख्या वापरता येते आणि चित्र सूक्ष्म मिळते, हे तत्त्व त्यात होते. जठरात आणि स्वादुपिंडाजवळ त्याचा उपयोग व्हायला आणखी पंचवीस वर्षे लागली.

वाइल्ड यांना मात्र ती वाट पुढे चालता आली नाही. साठच्या दशकात संशोधनाचे अनुदान सांभाळणाऱ्या संस्थेशी त्यांचे बिनसले, पैसा थांबला आणि प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात राहिले. 1991मध्ये त्यांना जपान प्राइझ मिळाले, तेव्हा ते 76 वर्षांचे होते. 2009मध्ये त्यांचे निधन झाले.

बाळ आले ते ग्लासगोहून. इयन डोनल्ड हे तिथले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक युद्धकाळात हवाई दलात होते, रडारशी परिचित होते. जुलै 1955मध्ये ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारींच्या डिकीत घालून बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात गेले. तिथे धातूतल्या भेगा शोधायचे यंत्र होते. द्रवाने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्यांनी त्या दुपारी पाहिले. पुढे टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याने त्यांच्यासाठी यंत्र उभे केले.

आणि इथेही पचनसंस्था आडवी येतेच. डोनल्ड यांच्या चमूला डॉक्टरांनी गांभीर्याने घ्यायला लावले ते एका स्त्रीच्या पोटाने. तिचे पोट प्रचंड फुगले होते, ती खंगत चालली होती. बेरियम देऊन काढलेल्या एक्स-रेवरून जठराचा पसरलेला कर्करोग, असे निदान झाले होते. शल्यविशारदांनी आशा सोडली होती. प्रोब पोटावरून फिरवल्यावर जे दिसले ते पोटात साठलेले पाणी नव्हते आणि पसरलेली गाठही नव्हती. एक भलीमोठी, द्रवाने भरलेली, स्पष्ट काठांची पिशवी होती. शस्त्रक्रियेत अंडाशयाची साधी गाठ निघाली आणि बाई वाचली. 7 जून 1958च्या ‘लॅन्सेट’मध्ये डोनल्ड, त्यांचे सहकारी मॅकव्हिकर आणि ब्राउन यांचा जो लेख आला त्याच्या शीर्षकात गर्भाचा उल्लेखही नाही, ते ‘पोटातल्या गाठीं’बद्दल आहे.

तरी पुढची वीस वर्षे हे तंत्र प्रामुख्याने गर्भाभोवती वाढले, आणि त्याला ठोस कारणे होती. गर्भवतीचा एक्स-रे काढल्याने मुलाला कर्करोगाचा धोका वाढतो, हे अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी त्याच दशकात दाखवले होते, त्यामुळे किरणांविना पाहण्याचे साधन तातडीने हवे होते. शिवाय गर्भ पाण्यात तरंगतो, आणि ध्वनीला पाण्यासारखे माध्यम नाही. पचनसंस्थेचे दुर्दैव नेमके उलटे: तिथे वायू. मऊ ऊती आणि वायू यांच्या सीमेवर जवळजवळ सगळा ध्वनी मागे फिरतो. त्यापलीकडचे काही दिसत नाही. पोटावर चिकट जेल लावतात तेही प्रोब आणि कातडी यांच्यातली हवा घालवायलाच. पण आतड्यातल्या हवेला जेल लावता येत नाही. यकृत आणि पित्ताशय बरगड्यांखालून सापडतात. आतड्यांच्या आणि जठराच्या मागे दडलेले स्वादुपिंड हा मात्र सोनोग्राफरचा जुना वैरी.

सोनोग्राफी म्हणजे बाळ, ही आपली समजूत घट्ट व्हायला इथले एक काळे कारणही आहे. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988मध्ये केला. केंद्राचा 1994चा, आणि 2003च्या दुरुस्तीने तो सोनोग्राफी यंत्रांच्या विक्रीपर्यंत पोचला. म्हणून पित्तखडे पाहायला जाणाऱ्या सत्तरीच्या आजोबांनाही येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, अशी पाटी वाचत बसावे लागते. मुली मारणाऱ्यांनी यकृताच्या डॉक्टरलाही कागदपत्रांत गुंतवले. तरी कायदा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सत्तरच्या दशकात सिडनीच्या जॉर्ज कोसॉफ आणि सहकाऱ्यांनी करड्या रंगाच्या अनेक छटांचे चित्र रूढ केले. त्याआधी पडद्यावर ठिपका असे किंवा नसे. आता यकृताचा पोत दिसू लागला, त्यातली गाठ आसपासच्या ऊतीपासून निराळी ओळखता येऊ लागली. मग हलते चित्र आले. पित्तखड्यांसाठी रंगद्रव्याच्या गोळ्या देऊन एक्स-रे काढण्याची जुनी पद्धत काही वर्षांतच मागे पडली. खडा पांढरा चमकतो आणि त्यामागे काळी सावली पडते, हे शिकाऊ डॉक्टरलाही दिसते.

स्वादुपिंडाचा तिढा सुटला तो वाइल्ड यांच्याच तत्त्वाने, आणि गंमत म्हणजे त्यांच्याच राज्यात. मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये युजीन डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी जठरात घालायच्या दुर्बिणीच्या टोकाला 10 मेगाहर्ट्झचा प्रोब बसवला आणि 1980मध्ये कुत्र्यांवरचे प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दुर्बीण 13 मिलिमीटर जाड, टोक न वाकणारे. गिळणाऱ्याची परीक्षा पाहणारीच. त्याच वर्षी जर्मनीत श्ट्रोम आणि क्लासेन यांनी जपानच्या ऑलिंपस कंपनीची तशीच दुर्बीण रुग्णांवर वापरली. स्वादुपिंड जठराच्या अगदी मागे असते. शेजारच्या घरातले ऐकायला भिंतीला कान लावावा, तसा जठराच्या मागच्या भिंतीला प्रोब टेकवला की मधला वायू, चरबी, बरगड्या सगळे बाजूला राहते. याला एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात नुसते ‘ईयूएस’.

स्वादुपिंड पाहायला गेलेल्या डॉक्टरांना वाटेत जठराची भिंत दिसली, आणि ती पाच पट्ट्यांची होती: पांढरी, काळी, पांढरी, काळी, पांढरी. कुठली पट्टी म्हणजे कुठला थर, यावर ऐंशीच्या दशकात बरीच चर्चा झाली. सिएटलचे मायकल किमी आणि सहकाऱ्यांनी भिंतीचे तेच तुकडे ध्वनीने आणि सूक्ष्मदर्शकाने ताडून 1989मध्ये ही जुळणी पक्की केली. यावर उपचाराचा निर्णय अवलंबून होता. कर्करोग वरच्या अस्तरापुरता असेल तर दुर्बिणीतूनच तो भाग काढता येतो; चौथ्या, काळ्या पट्टीत म्हणजे स्नायूच्या थरात शिरला असेल तर मोठी शस्त्रक्रिया लागते. अस्तर शाबूत असून आतून फुगवटा दिसतो तेव्हा तो कुठल्या पट्टीतून उगवला आहे यावरून गाठीची जात बरीचशी ठरते.

पण दिसणे आणि खात्री यांत अंतर असते. स्वादुपिंडातली गाठ कर्करोगाची, जुन्या सुजेची की क्षयाची? तुकडा हवा. सुरुवातीच्या ईयूएस दुर्बिणी टोकाभोवती गोल फिरून पाहत. सुई पुढे ढकलली तर चित्रात तिचा फक्त ठिपका दिसे, टोक कुठे आहे हे कळत नसे. दुर्बिणीच्या लांबीच्या दिशेने पाहणारा, वक्र टोकाचा प्रोब आला तेव्हा सुई पूर्ण लांबीची दिसू लागली. अशी दुर्बीण वापरून डेन्मार्कच्या पीटर व्हिलमन यांनी स्वादुपिंडातून सुईने पेशी काढल्या. ते काम 1992मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीचे साधन त्या दिवसापासून उपचाराचेही झाले. सुई जाते म्हणजे औषधही जाते, तारही जाते, नळीही जाते. त्याच वर्षी हॅम्बुर्गहून स्वादुपिंडाच्या सुजेनंतर साठलेल्या द्रवाची पिशवी ईयूएसच्या नजरेखाली जठरात रिकामी केल्याचे वृत्त आले. 1996मध्ये मॉरिस विअर्सेमा यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या असह्य वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यात याच मार्गाने अल्कोहोल टोचून वेदना कमी करता येतात, हे दाखवले. आपल्याकडे क्षय घरोघर ठाऊक असलेला आजार. जठराशेजारच्या सुजलेल्या लसिकाग्रंथीतून ईयूएसच्या सुईने क्षयाचे निदान होणे इथल्या मोठ्या रुग्णालयांत नित्याचे आहे.

इतक्या गुंतागुंतीच्या यंत्रांच्या मधोमध एक साधी गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. हेगमधले रेडिओलॉजिस्ट जुलियन पायलार्ट यांनी 1986मध्ये अपेंडिक्स दाखवले ते नवे यंत्र न शोधता, हाताने. प्रोबने उजव्या कुशीत हळूहळू, रुग्णाला सोसेल इतपत दाब द्यायचा. वायू बाजूला सरकतो, निरोगी आतडी चेपून पसरतात. सुजलेले अपेंडिक्स चेपत नाही. ते जाड नळीसारखे तसेच दिसत राहते. साधारण 6 मिलिमीटरहून जाड आणि न दबणारे अपेंडिक्स म्हणजे सूज, हा ठोकताळा तिथून आला. मोठ्यांनी पोट दाबून पाहण्याची आपली परंपरा जुनी आहेच; पायलार्ट यांनी त्या दाबणाऱ्या हाताला डोळा दिला. सगळ्या कथेतला हा मला सर्वांत आवडणारा शोध, कारण त्याला एक रुपयाचाही जादा खर्च नव्हता.

यकृत किती घट्ट झाले आहे, हेही वैद्य हातानेच पाहत आले. 2003मध्ये पॅरिसच्या लोरां सांद्रँ आणि सहकाऱ्यांनी त्याचे माप दिले. बरगड्यांच्या फटीतून यकृताला एक हलका धक्का द्यायचा, त्याची थरथर आत किती वेगाने सरकते ते श्राव्यातीत ध्वनीने मोजायचे. यकृत जितके घट्ट तितका वेग जास्त. हेच फायब्रोस्कॅन, चरबीयुक्त यकृताच्या साथीमुळे आज पुण्या-मुंबईत हे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. सुईने काढलेल्या तुकड्यात यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग येतो, तो काढताना रक्तस्रावाचा धोका असतो. धक्क्याने याहून कितीतरी मोठा भाग मोजला जातो आणि टोचावे लागत नाही. मात्र हा आकडा यकृताच्या घट्टपणाचा आहे, व्रणाचा नव्हे. सूज आली, हृदयाच्या आजाराने यकृतात रक्त तुंबले किंवा तपासणीआधी जेवण झाले, तरी तो वाढतो.

सूक्ष्म बुडबुड्यांची गोष्टही अशीच. तांबड्या रक्तपेशीएवढे किंवा त्याहून लहान वायूचे बुडबुडे शिरेतून दिले की यकृतातली गाठ आधी उजळते आणि मग विझते. उजळण्या-विझण्याच्या वेळेवरून ती कर्करोगाची आहे की निरुपद्रवी, हे बरेचदा कळते. बुडबुड्यातला वायू श्वासावाटे निघून जातो, मूत्रपिंडावर भार पडत नाही. ज्या वायूने सोनोग्राफरला इतकी वर्षे छळले तोच इथे कामाला लावला आहे.

आणि आतड्याची भिंत? क्रोन्स आजार आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचे तज्ज्ञ आता ओपीडीतच प्रोब ठेवून तिची जाडी मोजतात. 3 मिलिमीटरच्या वर गेली की सूज, औषधाने खाली आली की गुण. वारंवार कोलोनोस्कोपीला घाबरणाऱ्या रुग्णांना, विशेषतः मुलांना, यात केवढा दिलासा आहे हे त्यांच्या आयांना विचारावे.

वाचकांना एक व्यवहाराची गोष्ट सांगायची आहे. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशीपोटी बोलावतात ते पित्ताशय भरलेले आणि वायू कमी असावा म्हणून; तेव्हा चहासुद्धा घेऊन जाऊ नका. आणि अहवालात ‘वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही’ अशी ओळ असेल, तर तिचा अर्थ स्वादुपिंड निरोगी आहे असा होत नाही. ते पाहिले गेलेले नाही एवढाच होतो. वजन घटत असेल, पाठीत घुसणारी पोटदुखी असेल, कावीळ असेल, तर ती ओळ डॉक्टरांना दाखवा आणि पुढची कोणती तपासणी करायची ते विचारा.